स्ट्रट तपासायचा की बदलायचा? एका सरकारी कागदाचं वाचन

संशोधनाची तयारी करताना तुम्ही शोधनिबंध वाचताच. आज मात्र एक वेगळाच कागद वाचायला सुचवतोय. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, पायपर कंपनीच्या जुन्या छोट्या विमानांसाठी काढलेला हा उड्डाणयोग्यता निर्देश आहे. तो 1993 मध्ये आला, 1999 मध्ये त्याची जागा नव्या निर्देशाने घेतली आणि 2015 मध्ये तो पुन्हा नव्याने निघाला. भाषा रुक्ष आहे, दोन पानांत झोप येईल. पण ‘मोजलं’ आणि ‘कळलं’ यांतलं अंतर मला माझ्या अभ्यासक्रमातल्या कुठल्याही पुस्तकापेक्षा या कागदाने जास्त नीट दाखवलं. त्याच्याबद्दल माझी तक्रारही आहे, ती पुढे येईलच.

आधी वस्तू समजून घेऊ. पायपर जे-3 कब हे पिवळं, दोन माणसांचं, कापडाने मढवलेलं विमान. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे अशी सुमारे 20 हजार विमानं बनली आणि त्यांतली बरीच आजही उडतात. पंख वरच्या बाजूला असतो आणि विमानाच्या पोटापासून पंखाच्या मधल्या भागापर्यंत दोन्हीकडे तिरक्या पोलादी नळ्या जातात. त्याच स्ट्रट. (आपल्याकडे फ्लाइंग क्लबांत दिसणारं पुष्पक आठवा. व्ही. एम. घाटगे यांच्या काळात हिंदुस्थान एअरक्राफ्टने बनवलेल्या त्या विमानाची ठेवणही अशीच.) उडताना पंख वर उचलला जातो आणि स्ट्रट त्याला खाली ओढून धरतो. स्ट्रट आडव्या रेषेशी साधारण 30 अंशांत आहे असं धरा. साइन 30 म्हणजे अर्धा, म्हणून जेवढा उभा भार सांभाळायचा त्याच्या दुप्पट ताण नळीत येतो. ती नळी तुटली तर पंख धरून ठेवायला दुसरं काहीच नाही.

आता गोम अशी की नळी आतून पोकळ असते. आत ओलावा शिरतो, थंडीत त्याचं पाणी होतं आणि नळी तिरकी असल्यामुळे ते खालच्या टोकाशी जाऊन बसतं. गंज आतून बाहेर येतो. बाहेरचा रंग मात्र छान चकाकत असतो. मालक दर रविवारी फडकं मारतो त्याच जागी धातू आतून कागदासारखा झालेला असू शकतो.

निर्देश मालकाला पर्याय देतो. एक म्हणजे तपासत राहा. नळीच्या खालच्या 11 इंचांवरचा रंग काढायचा आणि मॉल टेस्टर नावाचं स्प्रिंगवालं साधन 80 या आकड्यापर्यंत दाबत ठिकठिकाणी टोचत जायचं. खळगा पडला तर नळी बाद, नाही पडला तर 24 महिन्यांनी पुन्हा या. टोचण्याऐवजी अल्ट्रासॉनिकने जाडीही मोजता येते. दुसरा पर्याय म्हणजे टोकं पूर्ण बंद केलेल्या, हवा-पाणी शिरणार नाही अशा नव्या नळ्या बसवा. मग नळीची ही दर दोन वर्षांची तपासणी संपते.

या कागदात मला सर्वांत आवडलेली गोष्ट सहज नजरेतून सुटते. नळीच्या टोकाला फोर्क म्हणजे दुबेळकं असतं, त्याला तडे जाऊ शकतात. त्याची चुंबकीय कणांनी करायची तपासणी महिन्यांवर नाही, उड्डाणाच्या 500 तासांवर लावली आहे. एकाच जोडणीला दोन घड्याळं का? कारण गंजाला विमान उडतंय की शेडमध्ये उभंय याच्याशी देणंघेणं नसतं, तो कॅलेंडरवर वाढतो. तडा वाढतो तो पुन्हा पुन्हा पडणाऱ्या भाराने, म्हणून तो तास मोजतो. बिघाड कसा होतो हे ओळखलं की काय मोजायचं हे आपोआप ठरतं. तुमच्या प्रस्तावात ‘दर तीन महिन्यांनी नमुने घेऊ’ असं वाक्य असेल तर स्वतःला विचारा, तीनच का? ‘मार्गदर्शकांनी सांगितलं म्हणून’ हे उत्तर आमच्या विभागात फार चालतं, ते सोडा.

आता तक्रार. त्या 80 चा अर्थ काय? टेस्टर मुळात पंखावरच्या कापडाची ताकद बघण्यासाठीचं साधन. पोलादावर तो दाबला आणि खळगा पडला नाही, तर एवढंच कळतं की त्या बिंदूवर धातू या दाबाला वाकण्याइतका पातळ झालेला नाही. किती उरलाय ते कळत नाही. दोन टोचण्यांच्या मधल्या जागेबद्दलही काही कळत नाही. एनडीटीमध्ये, म्हणजे वस्तू न मोडता केलेल्या चाचण्यांमध्ये, आम्ही एक प्रश्न विचारतो: इतक्या आकाराचा दोष असेल तर तो सापडण्याची शक्यता किती? 90 टक्के वेळा सापडणारा, आणि तेही 95 टक्के विश्वासाने सांगता येणारा दोष, ही नेहमीची मोजपट्टी. निर्देशात टोचण्यासाठी असा आकडा नाही. मग 24 महिने कुठून आले? एका चाचणीतून निसटलेला गंज पुढच्या चाचणीआधी धोकादायक होणार नाही, हे गृहीत धरलं आहे. पण ॲरिझोनाच्या कोरड्या हँगरमधलं कब आणि खाऱ्या पाण्यावर उतरणारं फ्लोट लावलेलं कब, दोघांनाही 24 महिनेच!

कागदाच्या बाजूने एवढं म्हणेन की खालचे 11 इंच निवडणं ही हुशारी आहे. पाणी कुठे साचेल याचा विचार करून नमुना घेतलाय. अख्खी नळी टोचत बसलात तर मेकॅनिक कंटाळेल आणि कंटाळलेल्या माणसाच्या हातून दोष निसटतो.

मालक मंडळींत वाद रंगतो तो बहुतेक खर्चाचा. तपासणी स्वस्त, बदल महाग, मग नळी पास होत असेल तर बदलायची कशाला? मला ही मांडणीच चुकीची वाटते. तपासणी ‘आज इथे गंज सापडतो का’ एवढंच विचारते, आणि हा प्रश्न दर दोन वर्षांनी पुन्हा विचारावा लागतो. बंद नळी गंजाचं कारणच काढून घेते. दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच तराजूत घालून किंमत काढली तर स्वस्त तेच जिंकणार. अर्थात बंद नळीतही एक गृहीतक आहे, वेल्ड खरोखर हवाबंद आहे हे. शिवाय फोर्कचं तासांचं घड्याळ नळी बंद झाली म्हणून थांबत नाही.

आणि ‘पास’ हा शब्द. मेकॅनिक लॉगबुकात ‘खळगे आढळले नाहीत’ असं लिहितो. मालक ते ‘गंज नाही’ असं वाचतो. तुमच्या प्रबंधात ‘फरक लक्षणीय आढळला नाही’ लिहून पुढच्याच परिच्छेदात ‘फरक नसल्यामुळे’ अशी सुरुवात होते, ती हीच गफलत. मी स्वतः पहिल्या मसुद्यात ती दोनदा केली होती.

माझं कब असतं, समुद्राजवळ उभं राहत असतं आणि नळ्यांच्या आत कधी काय लावलं होतं याची नोंद नसती, तर टेस्टर 80 ला काहीही म्हणो, मी नळ्या बदलल्या असत्या. कोरड्या हँगरमधलं, पूर्ण नोंदी असलेलं विमान असतं तर अल्ट्रासॉनिकने जाडी मोजून प्रत्येक बिंदूचा आकडा तारखेसकट लिहून ठेवला असता. म्हणजे 24 महिन्यांनी नुसतं पास-नापास कळण्याऐवजी धातू किती वेगाने कमी होतोय तेही कळलं असतं.