कांद्याला ‘पेटंट’?

अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं. तरी ‘कांद्याला पेटंट मिळालं’ असं अजून सर्रास बोललं जातं. गप्पांमध्ये चालेल. संशोधनाच्या प्रस्तावात हे वाक्य आलं, की पुढचा सगळा युक्तिवाद उलटा पडतो.

कसा ते बघा. जीआयसाठी या कांद्याच्या १८८३ च्या सरकारी नोंदीचा दाखला दिला गेला. नोंद जितकी जुनी, तितकी बाजू भक्कम. पेटंटच्या अर्जात हीच नोंद घात करते, कारण तिथे नवेपणा दाखवावा लागतो. हळदीचं अमेरिकन पेटंट १९९५ मध्ये दिलं गेलं. सीएसआयआरने जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ चा एक छापील लेख पुढे केल्यावर १९९७ मध्ये रद्द झालं. (आणि तो दावा हळदीवर नव्हताच, जखम भरण्यासाठीच्या तिच्या वापरावर होता. पेटंटवर लिहिताय ना? मग आधी दावे वाचा.)

पेटंट विकता येतं, वीस वर्षांनी संपतं. जीआय विकता येत नाही, पण दर दहा वर्षांनी नूतनीकरण करता येतं. मात्र ते मिळालं म्हणून कार्ले-खंडाळ्याच्या शेतकऱ्याला आपोआप हक्क मिळत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून त्याला स्वतंत्र नोंदणी करावी लागते. यावर फार कमी लिहिलं जातं. वडखळच्या रस्त्यावर टांगलेली माळ कुठल्या शेतातली, हे निदान विचारता तरी येतं. ऑनलाइन विक्रीत तर फक्त नाव दिसतं.