इरावतीबाईंची मोजपट्टी

इरावती कर्वे म्हटले की मराठी वाचकाला 'युगान्त' आठवते, फार तर 'परिपूर्ति'मधले ललितलेख आठवतात. त्यांनी आयुष्यातली बरीच वर्षे माणसांची डोकी, नाके आणि उंची मोजण्यात घालवली, ही गोष्ट आपण त्यांच्या परिचयात एका ओळीत उरकतो. 'मानववंशशास्त्रज्ञ' एवढा शब्द लिहिला की समीक्षकाचे कर्तव्य संपते आणि मग तो थेट द्रौपदी-गांधारीकडे वळतो. अलीकडे मात्र त्या मोजमापांतल्या एका प्रकरणाला अचानक भाग्य लाभले आहे. २०२४ साली त्यांची नात उर्मिला देशपांडे आणि टियागो पिंटो बार्बोझा यांनी लिहिलेले 'इरू' हे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झाले, आणि बाईंच्या बर्लिनमधल्या प्रबंधाची हकीकत जिथे तिथे सांगितली जाऊ लागली. हकीकत सांगण्यासारखीच आहे. पण ती ज्या रीतीने सांगितली जाते तिच्याविषयी माझी तक्रार आहे, आणि ती तक्रार थोडी सविस्तर मांडावी म्हणून हा लेख.

आधी हकीकत. मुंबईत डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली शिकून इरावतीबाई १९२८ साली जर्मनीला गेल्या. बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगन फिशर. आदल्याच वर्षी, १९२७ मध्ये, स्थापन झालेल्या मानववंशशास्त्र, आनुवंशिकी आणि सुप्रजननशास्त्र यांच्या संस्थेचे हे संचालक. चरित्रकार सांगतात त्याप्रमाणे फिशर यांचा कयास असा होता की गोऱ्या युरोपीयांच्या कवटीत डावी-उजवी बाजू सारखी नसते, इतर वंशांच्या मानाने हा विषमपणा त्यांच्यात अधिक असतो आणि श्रेष्ठ बुद्धीशी त्याचा संबंध आहे. बाईंनी हे तपासायचे होते. त्यांनी दीडशेच्या आसपास कवट्या मोजल्या आणि वंशाचा व या विषमतेचा काही संबंध दिसत नाही असा निष्कर्ष लिहून दिला. गुरूंना तो आवडला नाही आणि प्रबंधाला अगदी खालची श्रेणी मिळाली, असेही चरित्रकार सांगतात.

हे ऐकल्यावर व्याख्यानाच्या मांडवात टाळ्या पडतात. एका मराठी बाईने नाझी प्राध्यापकाला त्याच्या घरात जाऊन हरवले! इथेच माझी तक्रार सुरू होते. एक तर १९२८ ते १९३० या काळात जर्मनीत नाझी राजवट नव्हती, ती १९३३ मध्ये आली. फिशर पक्षाचे सभासद झाले ते १९४० साली. नंतरच्या काळात त्यांच्या संस्थेने त्या राजवटीची जी सेवा केली ती इतिहासाला ठाऊक आहे आणि तिचे पांघरूण कोणी करू नये. पण बाई तिथे गेल्या तेव्हा फिशर हे कोणी माथेफिरू समजले जात नव्हते. युरोप-अमेरिकेतल्या विद्यापीठांत ज्यांचे ग्रंथ अभ्यासाला असत अशा प्रतिष्ठित शास्त्रज्ञांपैकी ते एक होते. आपण त्यांना पहिल्या ओळीतच खलनायक करून टाकले की गोष्ट सोपी होते आणि तिच्यातले शास्त्र निघून जाते. पूर्वग्रह खलनायकाच्या डोक्यात असता तर तो ओळखणे किती सोपे झाले असते! इथे तो प्रश्नात होता. 'गोऱ्यांची कवटी वेगळी का?' असे विचारले की ती वेगळी आहे हे आपोआप गृहीत धरले जाते.

दुसरे असे की बाईंचे धैर्य मोठे होतेच, पण नुसत्या धैर्याने निष्कर्ष खरा ठरत नाही. गुरूला 'नाही' म्हणणारा शिष्य चूकही असू शकतो. प्रश्न बदलता येत नव्हता, तो गुरूने दिला होता. पण तो अशा तऱ्हेने मांडता येत होता की त्याला 'नाही' हे उत्तर येऊ शकेल, आणि बाईंनी तो तसा मांडला. त्यांच्या मोजणीत एक चांगली गोष्ट आपसूकच होती. डावी बाजू आणि उजवी बाजू एकाच कवटीच्या. म्हणजे मूळ माणूस उंच होता की बुटका, स्त्री होता की पुरुष, खाऊनपिऊन सुखी होता की उपाशी, याचा घोळ या तुलनेत फारसा शिरत नाही. प्रत्येक कवटीची तुलना आधी तिच्या स्वतःशीच होते. हा प्रबंध १९३१ मध्ये जर्मन भाषेत छापला गेला त्याच्या शीर्षकाकडेही पाहावे. 'मानवी कवटीची सामान्य विषमता' असा त्याचा अर्थ होतो. त्यात गोऱ्यांचा उल्लेख नाही. गुरूने वंशाची खूण म्हणून जी गोष्ट हाती दिली ती शिष्येने माणसाची खूण म्हणून परत केली. समीक्षकाने टाळी द्यायचीच तर त्या 'सामान्य' या विशेषणाला द्यावी.

कवट्यांचा विषय निघालाच आहे तर फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल मॉर्टनची कथा सांगायला हवी, कारण पूर्वग्रह ओळखणाराही कसा अडकतो हे तिच्यात आहे. मॉर्टनने १८३०-४० च्या काळात शेकडो कवट्या जमवल्या. त्यांत तो मोहरी भरायचा आणि ती मोजून मेंदूचे आकारमान काढायचा. मोहरी दाबली की जास्त मावते हे लक्षात आल्यावर त्याने शिशाच्या बारीक गोळ्या वापरायला सुरुवात केली. त्याच्या सरासऱ्यांत गोरे वर आणि काळे खाली आले. १९८१ साली स्टीफन जे गोल्ड यांनी एक गाजलेले पुस्तक लिहून असे दाखवले की मॉर्टनचा हात नकळत पूर्वग्रहाने चालत होता, शिवाय सरासरी काढताना कोणते नमुने घ्यायचे आणि कोणते गाळायचे यातही त्याने सोयीने वागणे केले. विज्ञानातल्या पूर्वग्रहाचे उदाहरण म्हणून ही कथा पुढे जगभर शिकवली गेली. आणि मग २०११ मध्ये पेनसिल्व्हेनियात जपून ठेवलेल्या त्याच कवट्या काही संशोधकांनी पुन्हा मोजल्या. मॉर्टनची मोजणी बव्हंशी बरोबर निघाली! उलट गोल्ड यांनीच आपल्या मताला सोयीची आकडेमोड केली असा आक्षेप आला. त्यावरही प्रत्युत्तरे आली.

या भांडणाचा मथितार्थ मला सापडला तो २०१८ मध्ये पॉल वोल्फ मिचेल यांनी मांडलेल्या एका साध्या गोष्टीत. मॉर्टनच्याच काळात हायडेलबर्गला टीडमान नावाचा शरीरशास्त्रज्ञ होता. त्यानेही कवट्या मोजल्या, १८३६ मध्ये आपले काम प्रसिद्ध केले, आणि त्याचे आकडे मॉर्टनच्या आकड्यांहून फार निराळे नव्हते. मॉर्टनने प्रत्येक वंशाची सरासरी काढली आणि सरासऱ्यांची उतरंड रचली. टीडमानने लहानात लहान आणि मोठ्यात मोठी कवटी कोणती ते पाहिले. सगळ्या वंशांचे पल्ले एकमेकांत मिसळलेले आहेत हे त्याला दिसले आणि त्याने माणसे समान आहेत असे लिहिले. आकडे जवळपास सारखेच होते. मोजणी खरी म्हणून निष्कर्ष खरा, असे म्हणता येत नाही, आणि निष्कर्ष त्याज्य म्हणून मोजणी खोटी, असेही म्हणता येत नाही. आपल्याकडचे विज्ञानविषयक लेखन बहुधा 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे' या वाक्याने सुरू होते आणि त्याच वाक्यावर संपते. कशाची सरासरी, कोणाला वगळून, हे विचारायची सवय ते वाचकाला लावत नाही.

ही सवय इरावतीबाईंना लागली होती ती बहुधा बर्लिनच्याही आधी. त्यांचे गुरू घुर्ये हे मालवणचे. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख रिस्ले यांनी नाकाच्या रुंदीवरून जातीची पायरी ठरवण्याचा खटाटोप केला होता. नाक जितके रुंद तितकी जात खालची. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात रिस्ले यांच्याच मोजमापांच्या आधारे दाखवले की उत्तर हिंदुस्थानाचा एक प्रदेश सोडला तर हे गणित कुठेच नीट जुळत नाही. साहेबाच्या टेपने साहेबाचे माप घेण्याचा हा प्रकार मला फार आवडतो.

इथपर्यंत सगळे आपल्या बाजूचे झाले. परंतु हीच फूटपट्टी बाईंना लावायची नाही असे ठरवले तर आपण त्यांचे वाचक राहत नाही, भक्त होतो. बर्लिनमध्ये त्यांच्यासमोर ज्या युरोपाबाहेरच्या कवट्या आल्या त्या वसाहतींच्या वाटेने आल्या होत्या. ती माणसे कोण होती, त्यांची डोकी जर्मनीत कशी पोचली, हा प्रश्न त्या प्रबंधाचा नव्हता. पुढे डेक्कन कॉलेजात आल्यावर बाईंनी महाराष्ट्रभर हिंडून जातिसमूहांची मोजमापे घेतली. वि. म. दांडेकर यांच्यासह केलेले ते काम १९५१ साली प्रसिद्ध झाले. त्यातला आणि नंतरच्या लेखनातला त्यांचा महत्त्वाचा मुद्दा आजही टिकाऊ वाटतो. 'ब्राह्मण' किंवा 'कुंभार' असा एकच घटक धरू नये, ज्यांच्यात प्रत्यक्ष लग्ने होतात तो लहान समूह हाच खरा घटक, आणि एका नावाखाली आलेले असे समूह एकाच मुळापासून फुटलेले असतीलच असे नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. आपल्या गुरूच्या मताविरुद्ध त्या इथे दुसऱ्यांदा गेल्या. मात्र शरीरे मोजून समाज कळतो हे मूळ गृहीतक त्यांनी सोडले नाही. ज्या फिशरचे उत्तर त्यांनी नाकारले त्यांची मोजपट्टी त्यांनी भारतात आणली आणि हयातभर वापरली. मोजणाऱ्या बाई शिकलेल्या, शहरातल्या, उच्चवर्णीय. समोर उभा राहणारा माणूस बहुधा 'नको' म्हणू न शकणारा. या नात्याचा मोजमापावर काय परिणाम होतो याची चर्चा त्या काळी कोणी करत नव्हते हे मला मान्य आहे, पण ललितलेखांत इतकी जागी असणारी ही लेखिका शास्त्रीय ग्रंथांत ती करत नाही, याची नोंद व्हायला हवी.

टिळकवाडीत बसून बाईंना वाचताना मला याहून जवळचा एक अडथळा येतो. १९५३ च्या त्यांच्या नातेसंबंधविषयक इंग्रजी ग्रंथात त्यांनी भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे विभाग पाडले. महाराष्ट्र मध्य विभागात, कर्नाटक दक्षिणेत. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न चालते. दक्षिणेत तेही चालते, आतेबहीणही चालते आणि मामा-भाचीचेही लग्न होते. विभाग पाडण्याचा पाया भाषा. आता आमच्याकडे या. टिळकवाडीच्या एका गल्लीत मराठी घर आणि कानडी घर भिंतीला भिंत लावून आहे. घरात बोलणे मराठी, पण सोयरीक धारवाडकडची. आडनाव कानडी वळणाचे आणि देव्हाऱ्यात जोतिबा, अशी कुटुंबे इथे कोणाला दाखवून द्यावी लागत नाहीत. बाईंच्या नकाशात ही माणसे रेघेखाली गेली. रेघ जाड असली की तिच्याखाली बरेच काही मावते. भाषावार प्रांतांची मागणी जोरात होती त्याच वर्षांत एका मराठी विदुषीला भाषिक प्रदेश हाच संस्कृतीचा पहिला घटक वाटावा, यात लबाडी मुळीच नाही. पण काळाचा हात आहे.

आणि घटक कोणता धरला यावर उत्तर ठरते, हे सीमाभागातल्या माणसाने शिकायला बर्लिनला कशाला जायचे? १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला. त्याआधीपासून वाद होता तो आकड्यांचा जितका तितकाच घटकाचा. गाव धरा म्हणणारे होते, तालुका धरा म्हणणारे होते, जिल्हा धरा म्हणणारे होते. जनगणनेची तीच पुस्तके दोन्ही पक्षांच्या वकिलांच्या टेबलावर होती. अहवालाने निपाणी महाराष्ट्राला द्यावी आणि बेळगाव म्हैसूर राज्यात ठेवावे असे म्हटले. प्रत्यक्षात दोन्ही जागच्या जागी राहिली. मी आमच्या बाजूचा आहे, ते लपवत नाही. पण गाव हा घटक आम्हाला न्याय्य वाटतो तो न्यायबुद्धीने किती आणि तो आम्हाला अनुकूल आहे म्हणून किती, हा प्रश्न आमच्या सभांत क्वचितच ऐकू येतो. पलीकडच्या सभांतही येत नसावा.

बाईंच्या ललितलेखनात मात्र अशा प्रश्नाला जागा मिळते, आणि म्हणूनच 'वाटचाल' हा पंढरीच्या वारीवरचा लेख मला त्यांच्या कित्येक तक्त्यांपेक्षा अधिक शास्त्रीय वाटतो. तिथे त्या दिंडीबरोबर चालतात. भजन एक, वाट एक, विठोबा एक. पण जेवणाच्या वेळी ब्राह्मण निराळे आणि मराठे निराळे बसतात हे त्या पाहतात, आणि आपण स्वतः कोणत्या पंगतीच्या हेही सांगतात. पाहणारी बाई पाहिलेल्या गोष्टीत उभी आहे. तिला ते विभागलेपण सलते, त्यात तिचा मन:पूर्वक सहभाग आहे, आणि तरीही ती दिसले तेच लिहिते. 'युगान्त'मध्येही त्या महाभारताच्या भांडारकर संस्थेच्या संशोधित आवृत्तीचा आधार घेतात आणि मागाहून घातलेले श्लोक कितीही लाडके असले तरी बाजूला ठेवतात. नको असलेला पुरावा वाचणे आणि हवासा पुरावा टाकणे, बर्लिनची सवय इथे कामी आली असे मी म्हणेन.

त्याच वारीच्या लेखात त्यांना महाराष्ट्राची एक नवी व्याख्या सुचते. ज्या प्रदेशातले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र. वाचताना अंगावर रोमांच येतात आणि मराठी वाचकाने ही व्याख्या डोक्यावर घेतली यात नवल नाही. पण बाईंनी शिकवलेलीच परीक्षा तिला लावून पाहावी. पंढरपूरच्या वाळवंटात कानडी बोलणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली आहेत, आणि त्या देवाला कानडा म्हणायला आपल्या संतांना संकोच वाटला नाही. व्याख्या खरी मानली तर धारवाड-विजापूरकडचे हे वारकरी महाराष्ट्रात मोजावे लागतील. त्यांना विचारले तर ते काय म्हणतील?