माणसाळणे कोणाचे? : टी. एच. व्हाइट आणि हेलन मॅकडोनल्ड यांची बाजकथने

शिकारी पक्ष्याला हातावर बसण्यास, भक्ष्यावर झेपावण्यास आणि मोकळा सोडला असताही परत येण्यास शिकविण्याची कला आशिया व युरोप या दोन्ही खंडांत शतकानुशतके चालत आलेली आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये श्येनविनोदाला स्थान आहे. पुढे बाज, बहिरी, शाहीन ही नावे फारसीच्या वाटेने आपल्याकडे रुळली. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानंतर भारतात या शिकारीला वाव उरला नाही. इंग्लंडमध्ये मात्र ती परंपरा टिकून राहिली आणि तिच्यातून दोन असामान्य गद्यग्रंथ निर्माण झाले : टी. एच. व्हाइट यांचा ‘द गॉसहॉक’ (१९५१) आणि हेलन मॅकडोनल्ड यांचा ‘एच इज फॉर हॉक’ (२०१४).

रानटी जीवाला सवयीचा करण्यासाठी मराठीत ‘माणसाळविणे’ असा शब्द आहे. इंग्रजी बाजपालकांच्या परिभाषेतही ‘माणूस’ याच शब्दापासून झालेले क्रियापद वापरतात. या दोन ग्रंथांत नेमके कोण माणसाळते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

व्हाइट यांचा जन्म १९०६ साली मुंबईत झाला. आईवडिलांचे हिंस्र वैर आणि शाळेतील छडी यांनी त्यांचे बालपण व्यापले होते. १९३६ मध्ये स्टो येथील शाळेतील अध्यापकाची नोकरी सोडून ते तेथील जंगलरक्षकाच्या झोपडीत राहावयास गेले आणि त्यांनी जर्मनीहून बाजाचे एक पिल्लू मागविले. त्याचे नाव गॉस. मार्गदर्शनासाठी त्यांच्यापाशी एडमंड बर्ट यांचा १६१९ सालचा ग्रंथ होता. पक्षी थकून हातावरच झोपी जाईपर्यंत त्याला रात्रंदिवस जागे ठेवायचे, आणि अर्थातच स्वतःही जागे राहायचे, ही त्यातील पद्धत. समकालीन बाजपालकांनी ती केव्हाच सोडून दिली होती, याची व्हाइट यांना कल्पना नव्हती.

येथे एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. कुत्रा किंवा घोडा शिक्षेचा अर्थ लावतो. बाज तो लावीत नाही. तो एकटा राहणारा पक्षी आहे, त्याच्या जगात वरिष्ठ नसतो. मारले तर तो माणसाला कायमचा दुरावतो. त्याला बांधून ठेवणारा एकमेव धागा म्हणजे भूक. म्हणून बाजपालक रोज पक्ष्याचे वजन करतो आणि काही ग्रॅमच्या फरकावर त्या दिवशीचे उड्डाण ठरवितो. ज्याने छडी खाल्ली, आणि आपल्या आतही क्रौर्य दडले आहे या भीतीने ज्याला आयुष्यभर ग्रासले, अशा माणसाने नेमका ज्यावर छडी चालतच नाही असा प्राणी निवडावा, हा ‘द गॉसहॉक’चा खरा ताण आहे. व्हाइट गॉसला मारीत नाहीत. ते त्याला प्रेमाने अति खाऊ घालतात, म्हणजे तो एकमेव धागाही स्वतःच सैल करतात, आणि नंतर तो ऐकत नाही म्हणून खचतात. अखेर जुनी सुतळी तुटते आणि गॉस पायांतील वाद्यांसह उडून जातो.

मॅकडोनल्ड यांच्या ग्रंथाची प्रेरणा वेगळी आहे. वृत्तपत्र-छायाचित्रकार असलेल्या वडिलांचा २००७ मध्ये आकस्मिक मृत्यू झाला. त्या शोकात, बालपणापासून बाजपालनाचे ग्रंथ वाचलेल्या आणि बहिरी ससाणे हाताळलेल्या या निवेदकाने स्कॉटलंडच्या एका धक्क्यावर ८०० पौंड देऊन बाजाची मादी घेतली. तिचे नाव मेबल. येथे तंत्र अचूक आहे : तराजू, अंधारी खोली, हातमोज्यावरील मांसाचा तुकडा आणि स्वतःला जणू अदृश्य करून बसणे. मेबल थोड्याच दिवसांत हातावर येऊ लागते. परंतु याच काळात निवेदक माणसांपासून दूर जातो, दारावरची थाप टाळतो, झुडपांत बाजाच्या नजरेने हालचाल शोधतो. व्हाइट यांचा पक्षी माणसाळत नाही. मॅकडोनल्ड यांच्या ग्रंथात पक्षी माणसाळतो आणि माणूस रानात हरवतो. पकडलेल्या सशाची मान स्वतःच्या हाताने मोडून त्याच्या यातना संपविताना मात्र निवेदकाला आपण माणूस असल्याची जाणीव होते. माझ्या मते हा ग्रंथाचा नैतिक गाभा होय. बाज मारतो त्याला जबाबदारी नसते. त्याच्या शेजारी गुडघे टेकणाऱ्याला ती असते.

मॅकडोनल्ड यांनी आपल्या कथनात व्हाइट यांचे चरित्र आरंभापासून अखेरपर्यंत विणले आहे. ही योजना समर्थ असली तरी तिला एक मर्यादा आहे. व्हाइट यांच्या वाट्याला बहुतेक वेळा रुग्णाची भूमिका येते. स्तोत्राची चाल शिळेवर वाजवून पक्ष्याला जेवावयास बोलावणारा, स्वतःच्या फजितीवर मोकळेपणी हसणारा लेखक त्यात काहीसा झाकोळतो. शिवाय हे अपयश वायाही गेले नाही. ‘द सोर्ड इन द स्टोन’ (१९३८) या कादंबरीच्या प्रारंभी एक बाज हातचा निसटतो आणि त्याच्या शोधात रानात गेलेल्या मुलाला मर्लिन भेटतो. पुढे तोच मुलगा ससाणा होऊन शिकारी पक्ष्यांच्या कोठीत एक रात्र काढतो. गॉसला माणसाळविता न आलेल्या लेखकाने मुलालाच पक्षी केले.

मॅकडोनल्ड यांची दृष्टी जेथे अधिक धारदार होते ते स्थळ निराळेच आहे. माळावर हरणे पाहून हरखलेले एक वयस्कर जोडपे भेटते. जुने इंग्लंड अजून शिल्लक असल्याचा आनंद व्यक्त करता करता ते परदेशांतून येऊन स्थायिक झालेल्यांविषयी सहज कडवटपणे बोलून जाते. निसर्गप्रेमाच्या पोटात वंशाभिमान कसा लपतो, हे लेखनाने तेथे नेमके पकडले आहे. गड, अरण्य आणि ‘आपली माती’ यांविषयी आपण जे लिहितो, त्याच्याशी हा उतारा ताडून पाहण्याजोगा आहे.

आपल्या वर्गांत कवितेत पक्षी आला की विद्यार्थी आणि अध्यापक दोघेही प्रतीक शोधू लागतात. या दोन्ही ग्रंथांतही बाज कधी हुकूमशहा, कधी मृत्यू, कधी स्वातंत्र्य होतो. त्यामुळे मेबलच्या खेळाचा प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो. कागदाची एक सुरळी तिच्यासमोर धरली जाते. ती आनंदाने डोळे बारीक करते, चोचीने कागद पकडते, पलीकडून येणाऱ्या आवाजाकडे कान देते. बाज खेळतो असे बालपणी वाचलेल्या एकाही ग्रंथात सांगितलेले नव्हते, अशी खंत निवेदकाला त्या क्षणी वाटते.