थेरीगाथेचा अभ्यास आणि साधनांची पारख

पदव्युत्तर वर्गांतील विद्यार्थी आपल्या संशोधनपर निबंधासाठी थेरीगाथा हा विषय अलीकडे आवडीने निवडताना दिसतात. ही निवड समाधानाची आहे. मात्र असे निबंध वाचीत असता एक उणीव आम्हास वारंवार जाणवली. संदर्भसूचीत पंधरा-वीस ग्रंथांची नावे असतात. त्यांत बौद्ध स्त्रियांविषयीचे लेखसंग्रह असतात, पालि साहित्याचे इतिहास असतात, क्वचित एखादी परीक्षोपयोगी मार्गदर्शिकाही असते. पण खुद्द थेरीगाथेची एकही आवृत्ती नसते. साधने मिळविणे आणि त्यांची पारख करणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. पहिले उरकले की दुसरे आपोआप झाले, असा समज येथे रूढ झालेला दिसतो.

किसागोतमीचे उदाहरण घेऊ. मृत बालकाला उराशी धरून, ज्या घरात कधी कोणी मेले नाही अशा घरची मोहरी मागत फिरणारी ही माता सर्वांच्या परिचयाची आहे. तिने ही कथा आपल्या गाथांत सांगितली आहे, असे विद्यार्थी निःशंकपणे लिहितात. वस्तुतः एकादसनिपातातील तिच्या अकरा गाथांत मोहरीचा उल्लेखही नाही. ती कथा अट्ठकथेतील आहे. गाथांत आहे ते वेगळेच. कल्याणमित्रांच्या संगतीची प्रशंसा आहे, सवतीसह नांदण्याचे आणि प्रसूतीचे दुःख आहे. आणि मग वाटेत पती मृत पाहिल्याचा, दोन पुत्र गमावल्याचा, माता, पिता व बंधू एकाच चितेवर जळत असल्याचा दारुण उल्लेख आहे. हा प्रसंग अट्ठकथेत पटाचारेच्या चरित्रात येतो. उलट पंचकनिपातातील पटाचारेच्या स्वतःच्या पाच गाथांत कुटुंबनाशाचा शब्दही नाही. तेथे ती पाय धुते, उतरत जाणारे पाणी न्याहाळते, विहारात जाऊन बिछान्यावर बसते आणि सुईने दिव्याची वात ओढून घेते. दिवा विझतो व तिचे चित्त विमुक्त होते.

आता या दोन थेरींवर ‘मातृशोकाची कविता’ असा निबंध लिहावयाचा असेल, तर कोणते विधान गाथेच्या आधारे आणि कोणते अट्ठकथेच्या आधारे केले, हे सांगितल्यावाचून पुढे जाताच येणार नाही. आचार्य धम्मपालांच्या अट्ठकथेचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. तिच्यावाचून कित्येक गाथांचा संदर्भ लागणे कठीण आहे. परंतु गाथा आणि अट्ठकथा यांच्यामध्ये अनेक शतके गेलेली आहेत. स्त्रियांच्या मुखी परंपरेने घातलेले शब्द आणि त्यांच्याविषयी पुढे एका आचार्यांनी सांगितलेली कथा यांची सरमिसळ झाली, तर ज्या स्त्रीस्वराचा शोध घेण्यासाठी निबंध लिहावयास घेतला, तोच हरवतो.

ही सरमिसळ होते तरी कशी? याचे एक कारण ग्रंथाच्या रचनेतच सापडते. श्रीमती ऱ्हीस डेव्हिड्स यांच्या 1909 च्या इंग्रजी अनुवादात प्रत्येक थेरीची अट्ठकथेतील हकीकत आधी गद्यात येते आणि मग पद्य येते. घाईने वाचणाऱ्यास दोन्ही एकच वाटतात. के. आर. नॉर्मन यांच्या 1971 च्या अनुवादात गाथांवर आणि भाषिक टिपांवर भर आहे. तो रुक्ष वाटतो खरा, पण शब्दाचा अर्थ तपासावयाचा असेल तेव्हा त्याच्याकडेच वळावे. मूळ पालि संहिता पिशेल यांनी 1883 मध्ये संपादिली. तीत 73 काव्ये व 522 गाथा आहेत. रोमन लिपीची अडचण सांगण्याचेही आता कारण उरलेले नाही, कारण नालंदा आणि इगतपुरी येथून निघालेल्या तिपिटकाच्या देवनागरी आवृत्त्या उपलब्ध आहेत. गाथाक्रमांक आवृत्तीगणिक किंचित बदलतात, म्हणून निपात, थेरीचे नाव आणि आवृत्ती असा त्रिविध निर्देश करावा.

याहून गंभीर प्रकार 2020 मध्ये अमेरिकेत घडला. मॅटी वाइनगास्ट यांचे ‘द फर्स्ट फ्री विमेन’ हे पुस्तक शंभाला या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केले. उपशीर्षकात आद्य बौद्ध भिक्षुणींच्या कविता असे म्हटले होते. वाचकांनी ते थेरीगाथेचा अनुवाद म्हणून आदराने स्वीकारले. पालि जाणणाऱ्या भिक्खू-भिक्खुणींनी आणि अभ्यासकांनी मूळ गाथा शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा कित्येक कवितांचा मुळाशी जेमतेम संबंध असल्याचे उघड झाले. पुढे उपशीर्षक बदलण्यात आले व थेरींपासून प्रेरणा घेतलेल्या स्वतंत्र कविता असे त्यांचे स्वरूप मान्य करण्यात आले. स्वतंत्र कविता लिहिण्यास कोणाचीच हरकत नसावी. पण आधीच्या प्रती जेथे गेल्या तेथून त्या परत आल्या नाहीत, आणि सुरेख इंग्रजी ओळी थेरीच्या नावावर उद्धृत करण्याचा मोह विद्यार्थ्यास होतो. प्रकाशकाची ख्याती, मुखपृष्ठ, मान्यवरांचे अभिप्राय यांपैकी काहीच येथे उपयोगी पडले नाही. उपयोगी पडली ती एकच गोष्ट, मुळाशी ताडून पाहणे. पालि येत नसेल तर निदान दोन जुने अनुवाद शेजारी ठेवावेत. एखादी प्रतिमा एकातच दिसली आणि दुसऱ्यात तिचा मागमूस नसला, तर तेथे थांबावे.

अशा तपासणीने थेरींचे काही हिरावून घेतले जाते, अशी भीती काही कार्यकर्त्या मंडळींस वाटते. ती अनाठायी आहे. सोळा गाथांची पुण्णिका पाहावी. कडाक्याच्या थंडीत, मालकिणींच्या शिक्षेच्या धाकाने आपण सदैव पाण्यात उतरत होतो, हे ती गाथेतच सांगते. स्नानाने पाप धुतले जात असेल तर बेडूक आणि कासवेही स्वर्गाला जातील, हा तिचा ब्राह्मणाला केलेला प्रतिवादही गाथेतलाच आहे. ती अनाथपिंडिकाच्या घरची दासी होती, एवढे मात्र अट्ठकथेवरून कळते. तळटिपेत हा भेद नोंदविण्यास एक ओळ पुरते.