गाव कुणाचं?

ग्रामीण कादंबरी वाचताना आपण बोलीवर खूश होतो. सत्ता कुणाच्या हातात आहे, हे विचारायचं राहून जातं. आपल्या कागलच्या आनंद यादवांची ‘गोतावळा’ (१९७१) घ्या. मालक ट्रॅक्टर आणतो, बैल जातात, गडी नारबा एकटा पडतो. इथं सत्ता जमिनीच्या मालकीतून येते. आता अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ (१९५९) बघा. राणोजी मांग गावासाठी जोगणी आणतो आणि त्यापायी जीव देतो. मान गावाला मिळतो. मांगवाडा वेशीबाहेरच राहतो. नारबाचं दुःख वर्गाच्या भाषेत मांडता येतं, राणोजीचं तेवढ्यानं भागत नाही. तिथं जातीचाच विचार करावा लागतो. ही दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली, की ‘गाव’ म्हणताना आपण कुणाला वगळतो ते दिसतं.