डोंगरावर डोंगराची नक्कल

लोणंद सपाट आहे. कांद्याचा बाजार, रेल्वे स्टेशन, पालखीतळ, सगळं ताटात वाढल्यासारखं. पण मिरजेकडे जाणारी पॅसेंजर धरली की सालप्यापासून जमीन चढायला लागते. आदर्कीपर्यंत गाडी वळसे घेत, धापा टाकत वर जाते आणि खिडकीतून आपल्याच गाडीचे पुढचे डबे दिसतात. लहानपणी आम्ही त्यासाठीच खिडकी पकडायचो. कोणी त्याचं वेगळं तिकीट लावलं नव्हतं.

हे आठवायचं कारण म्हणजे गेल्या वर्षी पाहुण्यांच्या पोरांना घेऊन पाचगणीला गेलो होतो. खंबाटकी, सुरूर फाटा, वाई, मग पसरणीचा घाट. पोरं खिडकीला चिकटून, एक जण उलटीच्या बेतात, दुसरी खालचं धोम धरणाचं पाणी बघून ओरडतेय. वर पोचल्यावर रस्त्याकडेच्या एका पार्कात शिरलो. डोंगराचा उतार कापून केलेली सपाट जागा, मागं काँक्रीटची भिंत, खाली प्लास्टिकची हिरवळ. त्यावर धडकणाऱ्या गाड्या आणि गोल फिरणारे कपबशीचे पाळणे. भिंतीमुळं दरी दिसत नव्हती. हेच पार्क लोणंदच्या बाजारपेठेमागं उभं केलं असतं तर एका खिळ्याचाही फरक पडला नसता.

माझी तक्रार पार्कांबद्दल नाही. मला पाळणे आवडतात. तक्रार ही आहे, की आपल्याकडे डोंगरावर मजा विकणाऱ्यांना डोंगरच नको असतो. हवा पाहिजे, 'व्ह्यू' पाहिजे, पत्ता पाहिजे. पण उतार म्हणजे अडचण, तो आधी जेसीबी लावून घालवायचा.

गंमत अशी, की रोलर कोस्टरचं एक मूळ डोंगरातच आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मॉक चंक गावी १८२७ मध्ये कोळसा खाली आणायला रूळ टाकले. भरलेल्या गाड्या उतारानं आपोआप घरंगळत खाली यायच्या. रिकाम्या गाड्या वर ओढायला खेचरं होती आणि खाली येताना ती खेचरंही गाडीत बसून यायची! पुढं १८७० च्या दशकात कोळशाला दुसरा मार्ग मिळाला आणि ती रेल्वे नुसत्या हौसेसाठी चालू राहिली. लोक पैसे देऊन उतारावरून सुसाट यायला लागले. मग १८८४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडला, समुद्रकाठच्या सपाट वाळूत, लाकडी चढउतार उभारून तीच मजा विकायला काढली गेली. म्हणजे कोस्टर ही मुळात डोंगराची नक्कल. ज्यांच्याकडे डोंगर नव्हता त्यांनी काढलेली युक्ती. आणि आपण ती नक्कल उचलून पुन्हा डोंगरावर नेऊन ठेवतो, तीही डोंगर सपाट करून.

आता खोपोलीजवळच्या इमॅजिकाचं बघा. २०१३ मध्ये सुरू झालेलं हे पार्क सह्याद्रीच्या पायथ्याला आहे. तिथला 'नायट्रो' हा कोस्टर उत्तम आहे, त्यात वाद नाही. पायाखाली तळ नसलेल्या खुर्च्या, पाच वेळा उलटं करणारा रूळ, सुमारे ४० मीटर उंची. पहिल्या चढावर साखळी तुम्हाला खेचून नेते, पुढचं सगळं काम गुरुत्वाकर्षण करतं. पण मला त्यातलं खरं आठवतं ते माथ्यावरचं क्षणभर थबकणं. खाली पडायच्या आधी समोर घाटाची भिंत दिसते आणि एकदम कळतं, की आपण चढून आलो ते तिच्या मानानं काहीच नाही. वाईपासून पाचगणी साधारण ६०० मीटर उंच आहे. म्हणजे एकावर एक पंधरा नायट्रो. ते एसटीच्या तिकिटात येतात.

डोंगराला मान देऊन केलेलं पार्क कसं असतं? बार्सिलोना शहरामागं तिबिदाबो नावाचा ५१२ मीटर उंचीचा डोंगर आहे. १९०१ पासून तिथं वर न्यायला उतारावरची रेल्वे आहे, माथ्यावर पार्क आहे. त्यात १९२८ सालचं एक विमान आहे. ते फक्त गोल फिरतं. यापेक्षा साधा पाळणा आपल्या जत्रेतही मिळेल. पण ते कड्यापाशी टांगलेलं असल्यामुळं अर्धी फेरी जमिनीवर आणि अर्धी थेट शहरावर, हवेत. यंत्र छोटं, बाकीचं काम डोंगर करतो. आल्प्समध्ये उताराच्याच वळणांनी ठेंगण्या खांबांवर रूळ टाकतात, एकदोघांची गाडी सोडतात आणि ब्रेक तुमच्या हातात देतात. त्यासाठी डोंगराचं मैदान करावं लागत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की आपल्याकडे नियम फार. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, मग करायचं कसं? इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्समध्ये झाडांच्या शेंड्यांपेक्षा उंच काही बांधायला मनाई होती. त्यांनी १९९४ चा 'नेमेसिस' खड्ड्यात घातला आणि तो जगातल्या नावाजलेल्या कोस्टरांपैकी एक झाला. (त्यासाठी त्यांनी खडक फोडला, ते मात्र आपण उचलू नये.) सांगायचं इतकंच, की अडवणूक झाली म्हणून तिथं डोकं चाललं.

आपल्याकडे डोकं चालायला हवं, कारण विषय नुसत्या रुचीचा नाही. आपल्या या पठारांवर वर जांभा आहे. तो पाणी पितो आणि खाली काळ्या दगडाशी झऱ्यांतून सोडतो. उताराचा पायथा कापला की वरच्या मातीचा टेकू जातो, झऱ्याची वाट बुजली की पाणी आत साठतं. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या, माणसं गाडली गेली. तिथं कुठलं पार्क नव्हतं. पण न कापलेला डोंगर एवढ्या पावसात असा वागत असेल, तर कापलेल्याची हमी कोण देणार?

आणि आता सातारा, जावळी, पाटण तालुक्यांतल्या २३५ गावांपासून सुरू झालेला 'नवीन महाबळेश्वर' प्रकल्प समोर आहे. रस्ते येतील, हॉटेलं येतील, त्यांच्यामागून पाळणेही येतील. गावांना काम हवंच आहे, म्हणून नुसतं 'नको' म्हणून मी मोकळा होऊ शकत नाही. तिथल्या पोरांना पुण्यात डिलिव्हरीच्या गाड्या चालवण्यापेक्षा घरी राहून चार पैसे मिळाले तर मला आनंदच आहे. फक्त पहिल्या दिवशी तिथं काय येतं ते मी बघणार आहे. उतार मोजायची दुर्बीण, की जेसीबी.

परतीच्या वाटेवर मी पोरांना विचारलं, सगळ्यात भारी काय होतं? मोठी म्हणाली, "ते वळण, जिथं समोरून ट्रक आला." धाकटा अजून पिशवी तोंडाशी धरून होता. तरी त्यानं मान हलवली.