धर्मांतर, दारिद्र्य आणि श्रद्धेची कसोटी : ‘स्मृतिचित्रे’चे पालघर–बोईसर परिसराच्या संदर्भात पुनर्वाचन

प्रस्तावना

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. मराठी आत्मचरित्रवाङ्मयातील त्याचे स्थान निर्विवाद आहे. शालेय पाठ्यपुस्तकांपासून पदव्युत्तर अभ्यासक्रमापर्यंत त्यातील उतारे शिकविले गेले आहेत. तथापि या ग्रंथाच्या अध्यापनाचा कल पाहिला तर भर प्रामुख्याने दोन गोष्टींवर असल्याचे दिसते : एक, लेखिकेचा निर्व्याज विनोद आणि दुसरी, तिच्या भाषेचा घरगुती साधेपणा. विक्षिप्त, भोळ्या व उदार पतीबरोबर केलेल्या संसाराची हकीकत म्हणून हा ग्रंथ वाचला जातो. ज्या धर्मांतराभोवती सारे कथन फिरते ते मात्र एक खळबळजनक प्रसंग म्हणून उल्लेखिले जाते आणि श्रद्धेचा प्रश्न लेखिकेची खासगी बाब म्हणून बाजूला ठेवला जातो.

‘स्मृतिचित्रे’तील धर्मांतर ही एका दिवसाची घटना नाही. अन्न, पाणी, भांडीकुंडी आणि पैसा यांच्याशी असलेले माणसाचे नाते हळूहळू पालटत जाण्याची ती प्रक्रिया आहे, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दा आहे. ही प्रक्रिया वगळून केलेले वाचन विनोदाचा आस्वाद देते, परंतु त्या विनोदाचे मूळ दाखवीत नाही.

हे पुनर्वाचन पालघर–बोईसर–तारापूर या परिसराच्या संदर्भात करण्यास कारण आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आलेल्या पालघर जिल्ह्याच्या दक्षिणेस वसईचा जुना ख्रिस्ती समाज आहे, पूर्वेस व उत्तरेस आदिवासी पट्टा आहे आणि मध्ये बोईसर–तारापूरचे औद्योगिक क्षेत्र आहे. धर्म, दारिद्र्य आणि भौतिक विकास हे तिन्ही प्रश्न येथे एकाच जिल्ह्यात समोरासमोर येतात. येथील वर्गात ‘स्मृतिचित्रे’ उघडले की ते केवळ गतकालीन संसारचित्र राहत नाही.

धर्मांतर-कथनाची पूर्वपरंपरा

मराठीत धर्मांतराचे लेखन लक्ष्मीबाईंपासून सुरू होत नाही. बेळगावचे बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीत त्यांनी हिंदू विधवांच्या दुःस्थितीचे चित्रण केले, तर ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात स्वतःच्या मतांतराचा वृत्तान्त दिला. पदमनजींचे लेखन मुख्यतः युक्तिवादाचे आहे. जुन्या मताचे दोष, नव्या मताची सत्यता आणि अखेर निर्णय, अशी त्याची मांडणी आहे.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. त्यांच्या साक्षीत युक्तिवादापेक्षा शोधाला महत्त्व आहे. बाप्तिस्मा घेतल्यानंतरही आपला शोध संपला नव्हता, हे त्या मोकळेपणाने नोंदवितात. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळग्रस्त स्त्रिया व मुलींना दिलेला आश्रय आणि मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर ही त्यांच्या श्रद्धेची दोन मोठी फळे होत.

या दोघांच्या लेखनात धर्मांतर करणारी व्यक्ती स्वतः निर्णय घेते. लक्ष्मीबाईंची स्थिती मूलतः निराळी आहे. येथे निर्णय पतीने घेतला आणि त्याचे मोल प्रथम पत्नीला द्यावे लागले. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय प्रवाशाने नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० सालचा. या दोन तारखांमधील पाच वर्षे हाच ‘स्मृतिचित्रे’तील धर्मांतराचा खरा अवकाश आहे. पती जिवंत असून नसल्यासारखा, पदरात लहान दत्तू, नातलगांचा आधार आणि त्याच आधाराचा जाच, अशा अवस्थेतील ही वर्षे आहेत. अक्षरओळख जेमतेम असलेली ही स्त्री याच काळात दुःखावेगाने कविता रचू लागते, ही बाब लक्षणीय आहे. तिच्या वाङ्मयाचा उगम विरहात आहे आणि त्या विरहाचे कारण धर्मांतर आहे.

सोवळ्यापासून वाटपापर्यंत

ग्रंथाच्या आरंभी लक्ष्मीबाईंनी आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे जे वर्णन केले आहे ते मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. १८५७ च्या धामधुमीत सासऱ्यांना फाशी झाल्यानंतर वडिलांच्या मनाने विटाळाची अशी धास्ती घेतली की बाजारातून आलेले जिन्नसदेखील धुऊन घेतल्याशिवाय घरात येत नसत. या प्रसंगांवर वाचक हसतो. परंतु रचनेच्या दृष्टीने पाहता हा आरंभ हेतुपूर्ण वाटतो. येथे वस्तूविषयीची भीती हाच धर्म होऊन बसला आहे. जिन्नस शुद्ध की अशुद्ध या प्रश्नापुढे घरातील माणसांची भूक दुय्यम ठरते.

अहमदनगरला पतीकडे परतल्यावर लक्ष्मीबाई आपले सोवळे, स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवतात. पती ख्रिस्ती, पत्नी हिंदू आणि दोघांचा संसार एका छताखाली, अशी ही व्यवस्था होती. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही, ही बाब महत्त्वाची आहे. लक्ष्मीबाईंचा पालट कोणत्याही प्रवचनाने झालेला नाही. जातिभेद ईश्वराने केला की माणसाने, हा प्रश्न त्या स्वतःला विचारतात आणि तो मानवनिर्मित असल्याची खात्री पटताच कोणाच्याही हातचे अन्न घेण्याचा निश्चय करतात. म्हणजे आधी पंगतीचा विचार बदलला, बाप्तिस्मा नंतर झाला. वडिलांच्या घरी वस्तू धुऊन घेणे हा धर्म होता. कन्येच्या घरी वस्तू वाटून घेणे हा धर्म झाला. ‘स्मृतिचित्रे’तील धर्मांतराची व्याख्या करावयाची झाल्यास ती याच शब्दांत करावी लागेल.

विपन्नावस्था आणि श्रद्धा

भौतिकतेला विरोध करणारे धार्मिक वाङ्मय बहुधा वस्तूंचा तिरस्कार करते. लक्ष्मीबाईंच्या लेखनात असा तिरस्कार आढळत नाही. डाळ-तांदूळ किती उरले, पैसे कोठे गेले, उद्या चूल कशी पेटेल, याचा हिशेब त्यांच्या मनात सतत चालू असतो. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे, गरजवंत समोर आला की तो त्याचा होई. या औदार्याचे लक्ष्मीबाई कौतुक करतात आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते हेही लपवीत नाहीत. त्यांचा विनोद नेमका येथे उगम पावतो. पतीचा उदात्त हेतू आणि रिकामा डबा या दोहोंना एकाच वाक्यात जागा देणारी ही दृष्टी आहे. श्रद्धा असूनही भूक लागते, हे सत्य ती नाकारीत नाही आणि भूक असूनही श्रद्धा टिकते, हेही ठामपणे सांगते.

दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांना घरात घेणे, प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करणे, या प्रसंगांचे वर्णनही असेच आहे. त्यागाचा उच्चार नाही, कामाची हकीकत आहे. संकटात ईश्वराने चमत्कार केला असे सांगण्याचा मोह लेखिकेने आवरला आहे. हानी झाली तर ती हानी म्हणूनच नोंदविली आहे. श्रद्धा ही लाभाची हमी नाही, हे या लेखनाचे मौन विधान होय.

एकोणिसाव्या शतकापासून ख्रिस्ती झालेल्यांवर ‘पोटासाठी बाटले’ असा आरोप होत आला आहे. त्याचा विचार येथे टाळता येत नाही. टिळकांना धर्मांतरामुळे आप्त, जात आणि समाजातील स्थान गमवावे लागले, ही वस्तुस्थिती या आरोपाला एक उत्तर देते. परंतु अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांना काम मिळाले, हेही तितकेच खरे आहे. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक होते. या आधाराचे बंधन टिळकांना जाणवत गेले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनशी असलेला नोकरीचा संबंध सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ या कल्पनेचा प्रारंभ केला. परदेशी संघटनेच्या वेतनाशिवाय, भारतीय पद्धतीने ख्रिस्ताचे अनुयायी होता यावे ही त्यामागील भूमिका होती. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले, त्यामुळे हा प्रयोग अपुरा राहिला. तरीही सुरक्षित मिळकतीचा त्याग करून झालेले हे टिळकांचे दुसरे धर्मांतरच म्हणता येईल. पहिल्यात धर्म बदलला, दुसऱ्यात त्या धर्माचा पैशाशी असलेला संबंध बदलला. पतीने आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य वैधव्यात लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. श्रद्धा टिकली ती अशी, दुसऱ्याचे अपुरे काम पुरे करण्यात.

पालघर जिल्ह्याचा संदर्भ

वसईच्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास टिळक दांपत्याहून पुष्कळ जुना आहे. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ती जिंकली. तारापूरचा किल्लाही त्याच मोहिमेत मराठ्यांच्या हाती आला. राजसत्ता गेल्यानंतरही वसईतील ख्रिस्ती समाज आपल्या धर्मासह आणि सामवेदीसारख्या बोलींसह टिकून राहिला. सत्तेच्या आश्रयाने आलेला धर्म सत्ता गेल्यावरही का टिकतो, हा प्रश्न येथील इतिहासच उभा करतो.

या समाजात जन्मलेल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना जन्माने ख्रिस्ती असल्यामुळे टिळकांप्रमाणे धर्म बदलावा लागला नाही. त्यांच्यापुढील प्रश्न वारशाने मिळालेल्या श्रद्धेचा अर्थ शोधण्याचा होता. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन, ‘सुबोध बायबल’सारखे भाषांतरकार्य आणि ‘हरित वसई’ची चळवळ यांतून तो अर्थ प्रकट झाला. जमिनीचे भाव वाढत असताना, विहिरींचे पाणी टँकरने विकले जात असताना एका धर्मगुरूने शेती आणि पाण्याच्या रक्षणासाठी उभे राहणे, यात लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरातील प्रश्नाचाच विस्तार दिसतो. वस्तू कोणाची आणि ती कशासाठी, हा तो प्रश्न होय. २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

वसईहून उत्तरेस बोईसर–तारापूरकडे आले की भौतिक विकासाचे अधिक तीव्र रूप दिसते. देशातील पहिले अणुऊर्जा केंद्र १९६९ मध्ये तारापूर येथे कार्यान्वित झाले. त्याच्या पुढील विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना विस्थापित व्हावे लागले. औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांचे कारखाने उभे राहिले आणि परप्रांतांतून मजूर आले. ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली, त्याला मच्छीमारांचा विरोध राहिला आहे. अशा भागातील विद्यार्थ्याला घर सुटणे म्हणजे काय, रोजगारासाठी कोणावर अवलंबून राहणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. ‘स्मृतिचित्रे’तील परवड त्याला परकी नाही. परकी वाटते ती शिकविण्याची पद्धत, जी या परवडीला केवळ गमतीचा विषय करते.

मर्यादा

या वाचनाला मर्यादा आहेत. टिळक दांपत्य चित्पावन ब्राह्मण होते, त्यामुळे त्यांनी काय गमावले हे मराठी वाचकाला सहज दिसते. ज्या अहमदनगर जिल्ह्यात त्यांनी काम केले तेथे महार व मांग समाजातील अनेकांनी त्यांच्या आधी व बरोबरीने धर्मांतर केले होते. गमावण्यासारखे फारसे नसलेल्या माणसांची श्रद्धा कशी टिकली, याची ‘स्मृतिचित्रे’ इतकी ठळक नोंद मराठीच्या अभ्यासक्रमात नाही. ही अभ्यासक्रमाची उणीव होय.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. श्रद्धा दारिद्र्य सोसण्याचे बळ देते, पण दारिद्र्याचे कारण दूर करते काय? या प्रश्नाचे निराळे उत्तर पालघरच्याच भूमीतून आलेले आहे. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथात वारली आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध १९४५ पासून दिलेल्या लढ्याचा वृत्तान्त आहे. तेथे परिवर्तनाचे साधन प्रार्थना नसून संघटना आहे. लक्ष्मीबाईंच्या ग्रंथात सेवा आहे, जमीनदारीविरुद्धचा संघर्ष नाही. ही तुलना ‘स्मृतिचित्रे’चे मोल कमी करीत नाही, त्याची सीमा स्पष्ट करते. मात्र दोन्ही ग्रंथांत एक साम्य आहे : माणसाने माणसाच्या हातचे अन्न घ्यावे की नाही आणि त्याच्या श्रमाचे मोल द्यावे की नाही, या साध्या प्रश्नांपासूनच दोन्हीकडे जाग सुरू होते.

समारोप

धर्मांतराची चर्चा सामान्यतः संख्येच्या आणि संशयाच्या भाषेत होते. किती जण गेले, कोणी नेले, कशाच्या आमिषाने नेले, हेच प्रश्न विचारले जातात. ‘स्मृतिचित्रे’ वेगळा प्रश्न विचारते : धर्म बदलल्यानंतर घरातील पाण्याचा घडा, ताटातील भाकरी आणि हातातील पैसा यांचे काय झाले? हा प्रश्न धर्मांतरितांपुरता मर्यादित नाही. जन्माने मिळालेला धर्म पाळणाऱ्या हिंदूला, ख्रिस्ती माणसाला, मुसलमानाला तो तितकाच लागू आहे आणि कोणताही धर्म न मानणाऱ्यालाही तो चुकविता येत नाही.

म्हणून या ग्रंथाचे अध्यापन करताना विनोद आणि श्रद्धा यांची फारकत करू नये. लक्ष्मीबाई हसू शकल्या, कारण रिकाम्या डब्याने त्यांच्या विश्वासाचा पराभव केला नव्हता. त्यांचा विश्वास खरा वाटतो, कारण डबा रिकामा होता हे त्यांनी लपविले नाही.